कोपऱ्यातली तारीख

"पाजून आणलंय ना तिला?" मी विचारलं.

"पाजलं की. पण पितीया कुठं? दोन घोट घेती आन् एकदम कळ आल्यागत रडाय लागती. हे बघा, कपाळ कसं भिजलंय." उज्ज्वलानं पदरानं बाळाचं कपाळ पुसलं. फेब्रुवारीची सकाळ होती. मशीनसाठी आमच्या खोलीत एसी लावलेला असायचा, मला स्वेटर घालून बसावं लागायचं, आणि चार महिन्यांची ती पोर घामानं निथळत होती.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. कोल्हापुरात डॉ. नाडगौडांच्या हार्ट सेंटरमध्ये इकोचं मशीन चालवायचे. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवर जेल लावायचं, प्रोब टेकवायचा आणि पडद्यावर हृदय हलताना बघायचं. आमच्याकडची पद्धत अशी की चित्रं मी काढायची आणि निदान सरांनी लिहायचं. पडद्यावर मला काहीही दिसलं तरी नातेवाइकांशी त्याबद्दल बोलायचं नाही. "सर सांगतील," एवढे दोनच शब्द मला मंजूर होते. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ती शिक्षाच होती. आई म्हणायची, आमच्या पद्मजाच्या नाकावर राग बसलेला असतो, शिंकली तरी उडतो.

"नाव काय ठेवलंय?"

"मयूरी."

मशीनमध्ये मी नाव भरलं, मयूरी खोत. राधानगरीच्या अलीकडचं गाव. नवरा दूध संघाच्या टेम्पोवर ड्रायव्हर, तोच दोघींना दारात सोडून पुढं गेला होता. तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत होती. हृदयाचे स्नायू कमकुवत, असं तिच्यावर लिहिलेलं.

स्नायू कमकुवत होते यात वाद नव्हता. हृदयाचा डावा कप्पा सुजल्यासारखा मोठा झाला होता आणि आवळायच्या ऐवजी पाणी भरलेल्या पिशवीसारखा नुसता हिंदकळत होता. पण का? मी प्रोब जरा वर सरकवला आणि रक्ताचा प्रवाह दाखवणारे रंग चालू केले. जिथं काहीच दिसायला नको अशा जागी एक बारीक तांबडी रेघ दर ठोक्याला फुरफुरत होती. आधी वाटलं मशीन चुकतंय. पुन्हा बघितलं. रेघ तिथंच होती.

मी सरांना बोलावलं.

नाडगौडा सर हुशार होते, ते मी आजही नाकारत नाही. त्यांनी माझ्या हातातून प्रोब घेतला, मिनिटभर बघितलं, आणि त्यांचे कान तांबडे झाले. मला घेऊन ते बाहेर व्हरांड्यात आले.

"पद्मजा, तू काय पकडलंयस कळतंय का तुला?"

"काहीतरी चुकीच्या जागी उघडतंय, एवढं कळलं."

"हृदय सगळ्या अंगाला रक्त देतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त कोण देतं? दोन बारक्या वाहिन्या. त्या महाधमनीतून फुटतात, शुद्ध रक्त नेतात. हिची डावी वाहिनी फुफ्फुसाकडं जाणाऱ्या नळीतून फुटलीय. म्हणजे पोरीचं हृदय उपाशी आहे. दूध ओढताना ते दमतं आणि छातीत कळ येते, म्हणून रडते ती. वीस वर्षांत एकदाही बघितलं नाही मी हे. पुस्तकात बघितलंय फक्त."

"बरं होतं का?"

"होतं की. ऑपरेशन करून वाहिनी योग्य जागी जोडली तर होतं. हे स्नायू मेलेले नसतात गं, भुकेले असतात. खायला मिळालं की उठून बसतात. उशीर झाला तर मात्र मरतात."

मला इतका आनंद झाला होता की व्हरांड्यात नाचायचीच बाकी होते. कमकुवत स्नायू म्हणजे औषधं देत वाट बघायची, दुसरं काही नाही. आणि इथं उपाय होता. पुण्याला मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं व्हायची, रात्रीच्या गाडीनं गेलं तर सकाळी दारात.

सर आत गेले आणि उज्ज्वलाला म्हणाले, "स्नायू जरा अशक्त आहेत. औषध लिहून देतो. येत्या मंगळवारी परत घेऊन या, आणखी एकदा फोटो काढू."

"बरं हुईल न्हवं सायेब?"

"बघू. फोटो नीट येऊ दे."

मी तोंड उघडणार तेवढ्यात सरांनी माझ्याकडं बघितलं. मी मिटलं.

दुपारी केबिनमध्ये शिरले ती भांडायच्याच तयारीनं. सर डबा खात होते.

"सर, तिला पुण्याला का नाही पाठवलं?"

"बस. पंधरा तारखेला काय आहे?"

पंधरा तारखेला हृदयतज्ज्ञांचं संमेलन होतं, त्या वर्षी कोल्हापुरातच. त्यात शेवटी एक खेळ असायचा. प्रत्येकानं आपल्याकडची दुर्मिळ केस पडद्यावर लावायची आणि बाकीच्यांनी रोग ओळखायचा. कुणालाच ओळखता आला नाही तर केस लावणारा जिंकला. म्हातारी माणसंसुद्धा या खेळासाठी वर्षभर केसेस दडवून ठेवायची. तीन वर्षं पुण्याच्या डॉ. सबनीस जिंकत होत्या.

"आज पोरगी पुण्याला पाठवली तर ती कुणाच्या टेबलावर जाणार? सबनीसबाईंच्या. आणि पंधराला माझी केस बाईंच्या स्लाइडवर."

"सर, ती केस नाही, पोर आहे. उपाशी आहे म्हणालात तुम्ही."

"चार महिने काढलेत ना तिनं? औषध चालू केलंय. अकरा दिवसांत काय होणार आहे? आणि आजची चित्रं धूसर आहेत. एवढ्यावर पुण्याचा सर्जन विश्वास ठेवेल का? मंगळवारी स्वच्छ चित्र काढ, सोळाला मी स्वतः फोन करतो बाईंना."

"हे बरोबर नाही सर."

"चित्र तुझं, निदान माझं. ठरलंय ना आपलं?" आणि त्यांनी डब्यातली भेंडीची भाजी पोळीत गुंडाळली. त्या भेंडीचासुद्धा मला अजून राग आहे.

दार आपटून मी बाहेर आले. तळपायाची आग मस्तकाला गेली होती. संध्याकाळी घरी भांडी अशी घासली की आई म्हणाली, "भांड्यांनी काय केलंय तुझं?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या बाईला सांग की सरळ." मी म्हणाले, मंगळवारी सांगणार. सरांच्या देखत सांगणार.

मंगळवारी मी सांगितलं नाही. त्या दिवशी काय झालं ते पुढं सांगते, जिथं सांगायची वेळ आली तिथंच. इथं एवढंच पुरे की स्वच्छ चित्र मिळालं. इतकं स्वच्छ की वाहिनी कुठून फुटते, कशी वळते, रक्त कसं उलटं येतं, सगळं बोट ठेवून दाखवावं.

शुक्रवारी सरांनी मला स्लाइड करायला बसवलं. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात मशीन आपोआप पेशंटचं नाव, तारीख आणि वेळ छापतं. "नाव झाक," सर म्हणाले. "नियम आहे."

"तारीख?"

"तीही झाक. तारीख दिसली की बाई पहिला प्रश्न तोच विचारतील."

मी दोन्हीवर काळी पट्टी ओढली. रागानं फणफणत ओढली, पण ओढली.

रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये शंभर-सव्वाशे डॉक्टर होते. मी मागच्या रांगेत, लॅपटॉपच्या वायरजवळ. सरांचा नंबर सर्वांत शेवटी आला. दिवे मंद झाले आणि मयूरीचं हृदय भिंतीएवढं मोठं होऊन पडद्यावर हलायला लागलं. पाच-सहा जणांनी चुकीची उत्तरं दिली. सबनीसबाई चष्मा वर करून बघत राहिल्या, आणि शेवटी त्यांनीही मान हलवली. सरांनी रोगाचं नाव सांगितलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सर नवरदेवासारखे मान तुकवत होते.

सबनीसबाई पासष्टीच्या, बुटक्या, सुती साडीतल्या. त्या उठून म्हणाल्या, "हरले मी. इतकं सुंदर चित्र माझ्याकडेसुद्धा नाही. ऑपरेशन कुठे केलंत, नाडगौडा?"

"नाही झालं अजून."

"का?"

सर हसले. ते हसू मला आजही दिसतं. "काय सांगायचं बाई. आईवडील तयार होत नाहीत. खेड्यातली माणसं. आणि मुलगी आहे ना."

लोकांनी 'च् च्' केलं. शेजारचा एकजण म्हणाला, "हेच तर दुर्दैव आहे आपल्याकडचं."

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. डोळ्यांपुढं उज्ज्वला आली, पदरानं पोरीचं कपाळ पुसणारी. मी खुर्ची मागं ढकलली तर ती पडली, आणि सगळ्यांनी वळून बघितलं.

"खोटं बोलताय सर," मी म्हणाले. माइक नव्हता, पण माझ्या आवाजाला कधी लागलाही नाही. "त्यांना कुणी विचारलंच नाहीये. काय झालंय तेसुद्धा सांगितलेलं नाही. चार तारखेला कळलंय हे आपल्याला. या खेळासाठी ठेवून घेतलीय तिला."

"पद्मजा, खाली बस!"

"नाही बसत."

सबनीसबाई माझ्याकडं चालत आल्या. 

"कुठे आहे ती मुलगी?"

"घरी. राधानगरीच्या अलीकडं. दीड तास लागेल."

"गाव माहीत आहे? मग चल. माझी गाडी खाली आहे." दारातूनच त्यांनी ऑक्सिजन असलेली रुग्णवाहिका मागोमाग पाठवायला फोन केला. सरांकडं त्यांनी वळूनही बघितलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. उज्ज्वला उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून ती गडबडीनं उठली, हातातलं सूप तसंच राहिलं.

"मॅडम! तुम्ही आलासा? फोटू नीट आला का वो?"

सबनीसबाई आत जाऊन बाळाजवळ जमिनीवर बसल्या आणि त्यांनी स्टेथोस्कोप लावला. मयूरी रडतसुद्धा नव्हती. ओठ राखेच्या रंगाचे झाले होते.

"ही अशी कधीपासून आहे?"

"मंगळवारपासनं," उज्ज्वला म्हणाली. "त्या दिशी दवाखान्यातनं आली तवापासनं दूध सोडल्यागतच केलंय बघा. म्हटलं फोटू नीट आला की औषध बदलून देतील."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

त्याच संध्याकाळी त्यांना घेऊन रुग्णवाहिका पुण्याला निघाली. उज्ज्वलानं कुठं सही करू एवढंच विचारलं, दुसरं काही नाही. नवऱ्यानं टेम्पो वाटेतच कुणाच्यातरी ताब्यात दिला आणि मिळेल त्या गाडीनं मागं गेला. ही ती तयार न होणारी माणसं. अठरा तारखेला ऑपरेशन झालं. मयूरी वाचली. पण हृदयाच्या डाव्या भिंतीचा एक तुकडा मेला होता, तो परत आला नाही. तो कधी मेला, हे मी सबनीसबाईंना नंतर विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. पहिल्या महिन्यात मेला असेल. शेवटच्या आठवड्यातही मेला असेल." मला दिलासा द्यायचा त्यांनी प्रयत्न केला नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

नाडगौडा सरांचं काही बिघडलं नाही. चारदोन लोक वर्षभर कुजबुजले, मग विसरले. मी सोमवारी गेलेच नाही, पुढं दुसरीकडं काम धरलं. सर आता हयात नाहीत. गेलेल्या माणसावर राग धरू नकोस असं आई सांगते. मी धरते. मला त्याचा उपयोग होतो. त्यांच्यावर चिडलेली असते तोवर दुसरं काही आठवत नाही.

दर दिवाळीला उज्ज्वला मयूरीला घेऊन माझ्या घरी यायची. करंज्यांचा डबा आणायची, आणि दारातच पोरीला सांगायची, "ह्याच मॅडमनी वाचवलं तुला, पाया पड." पोर वाकायची, मी पाय मागं ओढायचे. "राहू दे गं," म्हणायचे. उज्ज्वलाला वाटायचं मी लाजते. अठरा वर्षं हे चाललं.

मग एका दिवाळीत मयूरी एकटीच आली. एकोणीस वर्षांची, उंच, सडसडीत. पोलीस भरतीच्या अ‍ॅकॅडमीत जायला लागली होती, घरच्यांना न सांगता. डॉक्टरांनी पळायला सक्त बंदी केली होती. डबा टेबलावर ठेवून ती म्हणाली, "मॅडम, माझे पहिले फोटो तुमच्याकडं हायत म्हणं. बघू? नेमकं काय मेलंय ते तरी बघते."

मी कपाटातून पाकीट काढलं. तीन प्रिंट होत्या, चकचकीत कागदाच्या, आता पिवळसर पडलेल्या. या मूळ प्रिंट, स्लाइड करताना माझ्याकडं राहिलेल्या, काळी पट्टी नसलेल्या. तिनं त्या खिडकीपाशी नेल्या. हृदयाकडं तिनं फार बघितलं नाही. ती कोपऱ्यातलं वाचत होती.

"हा चार फेब्रुवारीचा. हे दोन दहाचे. ऑपरेशन अठराला झालंय, फायलीवर हाय." तिनं मान वर केली. "चारलाच कळलं हुतं न्हवं मॅडम? मग?"

अठरा वर्षांत कुणीही हे विचारलं नव्हतं. उज्ज्वलानं नाही, तिच्या नवऱ्यानं नाही.

मी संमेलनाचं सांगितलं, सरांचं सांगितलं. सांगताना आवाज चढला, नेहमीसारखा. मग तिनं दहा तारखेच्या दोन प्रिंट पुढं धरल्या.

"आन् हे दोन कशाला?"

मग मी मंगळवारचं सांगितलं. झोपेचं औषध दिलं होतं, पण तू अर्धवट झोपलीस. वीस मिनिटं झाली तरी चित्र येईना. मग तू जागी झालीस आणि रडायला लागलीस, घाम सुटला, ओठ निळे पडले. हा पहिला फोटो तेव्हाचा, हललेला. तुझी आई म्हणाली, "मॅडम, बास की आता." सरसुद्धा म्हणाले, "राहू दे पद्मजा, पुरे." हो, सर म्हणाले. मी प्रोब उचलला नाही. रडताना हृदय जोरात चालतं, आणि ती रेघ पडद्यावर कधी नव्हे इतकी लख्ख दिसायला लागली होती. आदल्याच दिवशी सर म्हणाले होते, चित्र चांगलं आलं तर स्लाइडवर तुझं नाव घालतो. चित्र: पद्मजा शिरगुप्पे. रविवारी ते नाव पडद्यावर होतं, आणि टाळ्या पडल्या तेव्हा मला पहिल्यांदा आनंदच झाला होता. ओरडले ती त्याच्यानंतर.

"तुझ्या आईला मी म्हणाले, एकच मिनिट."

मयूरीनं दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी धरल्या आणि कोपऱ्यातले आकडे पुन्हा वाचले. अ‍ॅकॅडमीत स्टॉपवॉच बघून सराव केलेली मुलगी होती ती.

"अकरा बेचाळीस," ती म्हणाली. "आन् हा चांगला आलेला, अकरा एक्कावन्न."

"हो."

"नऊ मिनिटं, मॅडम. आठशे मीटर मी साडेतीनमध्ये पळते."

तिनं तिन्ही प्रिंट पाकिटात घातल्या आणि पाकीट स्वतःच्या पिशवीत ठेवलं. मला विचारलं नाही. "मम्मीला माहीत हाय हे?"

"नाही."

"मी सांगते," ती म्हणाली आणि उठली. दारात तिनं चप्पल घातली. मी तिच्यासमोर उभी होते, नेहमीच्याच जागी. दरवर्षी मी पाय मागं ओढायचे. त्या दिवशी ओढावे लागले नाहीत.